दोन मिलिमीटर पाण्यात: डॅफ्निया, आर्टेमिया आणि इतर जिवंत खाद्याचे क्लोज-अप फोटो

डॅफ्निया म्हणजे टाकीतल्या माशांना जिवंत खाऊ घालायचा, गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी जीव. तिची बरणी उजेडासमोर धरली की उड्या मारणारे ठिपके दिसतात. त्यातला एक ठिपका वीसेक पट मोठा करून पाहिला, तर पाठीत धडधडणारं हृदय दिसतं, हिरवीगार आतड्याची नळी दिसते, सतत थरथरणारा एकच काळा डोळा दिसतो आणि वेळ जुळून आली तर पाठीच्या पिशवीत वळवळणारी पिल्लंही दिसतात. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८४ मध्ये शरीरातल्या पेशी बुरशीच्या बीजाणूंवर कशा तुटून पडतात, ते डॅफ्नियातच पाहिलं होतं. तिला कापायची गरजच नव्हती, आतलं सगळं बाहेरून दिसत होतं. फोटोत पकडायची आहे ती हीच पारदर्शकता.

बहुतेक जण सुरुवातीला बरणीच्या काचेतूनच फोटो काढून पाहतात. मीही तसंच केलं होतं. शेकडो फ्रेम काढल्या आणि एकीतही डोळा स्पष्ट आला नाही. अशा वेळी लेन्सवर शंका येते आणि माणूस जास्त महागडी लेन्स शोधायला लागतो. पण अडचण पाण्याच्या खोलीची असते. चार पट विशालनावर (म्हणजे सेन्सरवर जीव प्रत्यक्षापेक्षा चार पट मोठा पडतो तेव्हा) अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफ/५.६ ठेवलं, तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. दहा सेंटिमीटर रुंदीच्या बरणीत असे हजार थर बसतात आणि डॅफ्निया त्यातल्या कुठल्याही थरात असू शकते. म्हणून या कामात सर्वात आधी बनवायची ती पाण्याचा थर पातळ करणारी काचेची पेटी. कॅमेरा आणि लेन्स त्यानंतर.

किती मोठं करायचं?

आपल्याकडच्या जिवांची मापं आधी लक्षात घ्या. मोठी डॅफ्निया मॅग्ना ५ मिलिमीटरपर्यंत जाते, पण कल्चरमधल्या (घरी वाढवलेल्या साठ्यातल्या) बहुतेक डॅफ्निया १ ते ३ मिलिमीटरच्या असतात. मोइना ही डॅफ्नियाचीच नातेवाईक, त्याहून लहान, एक मिलिमीटरच्या आसपास. खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमियाचं अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडं छोटं. मायक्रोवर्म आणि व्हिनेगर ईल हे सूक्ष्म कृमी लांबीला एक-दोन मिलिमीटर भरतात, पण जाडीला केसापेक्षाही बारीक असतात. ग्रिंडल वर्म मात्र सेंटिमीटरभर, म्हणजे या मंडळीत राक्षसच.

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. साध्या मॅक्रो लेन्सच्या १:१ विशालनावर दोन मिलिमीटरची डॅफ्निया सेन्सरवरही दोनच मिलिमीटर जागा घेते, म्हणजे रुंदीचा अठरावा भाग. चार पटीला ती आठ मिलिमीटर होते आणि तेव्हा कुठे तिचं रूप कळायला लागतं. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात, म्हणजे साधारण २३.५ मिलिमीटर रुंदीच्या, हेच काम अडीच-तीन पटीत भागतं. या बाबतीत लहान सेन्सर फायद्याचाच आहे.

इथवर पोहोचायचे रस्ते अनेक आहेत. हातातल्या टेलिफोटो लेन्सपुढे क्लोज-अप लेन्स लावता येते. रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची आहे, म्हणजे तिचं नाभीय अंतर १२५ मिलिमीटर. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर ती लावली की २०० भागिले १२५, म्हणजे १.६ पट मिळते. त्याच २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढे ५० मिलिमीटरची जुनी लेन्स उलटी जोडली तर थेट ४ पट. उलटी जोडणारी रिंग स्वस्त असते आणि जुन्या ५० मिलिमीटर लेन्स उलट्या लावल्यावर फारच छान चालतात, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो. उलट्या लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि कमी-जास्त करायचं ते मागच्या लेन्सवर. कॅनन एमपी-ई ६५ सारखी १ ते ५ पट देणारी खास लेन्स मिळाली तर उत्तमच, पण तिच्यासाठी थांबून राहू नका. फोनच असेल तर दहा पटीचं चांगलं भिंग कॅमेऱ्याला चिकटून धरा. मोठ्या डॅफ्नियासाठी तेवढं पुरतं.

पेटी बनवणं

सूक्ष्मदर्शकाच्या साध्या स्लाईड ७५ मिलिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि साधारण १ मिलिमीटर जाड असतात. आपल्याला हवी तीच जाडी. एका स्लाईडच्या तीन कडांवर दुसऱ्या स्लाईडच्या अरुंद पट्ट्या चिकटवा, इंग्रजी यू अक्षरासारख्या, आणि वर तिसरी स्लाईड बसवा. पट्ट्यांचा एक थर दिला तर आत एक मिलिमीटरची फट राहते, दोन थर दिले तर दोन मिलिमीटरची. डॅफ्नियाचं शरीर बाजूंनी चपटं असतं. दोन मिलिमीटरच्या फटीत मोठी डॅफ्निया सहसा कुशीवरच राहते आणि आपल्याला तिची बाजूच हवी असते. मोइना आणि आर्टेमियाच्या पिल्लांसाठी एक मिलिमीटरची वेगळी पेटी करा.

पट्ट्या कापायला काच कापायची हिरकणी किंवा चाकी लागते. एकदाच रेघ मारा, त्याच रेघेवर परत फिरवू नका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कापलेल्या कडा ओल्या पॉलिश पेपरवर दोनदा घासल्या की बोटं वाचतात. चिकटवायला मत्स्यटाकीचं सिलिकॉन घ्या, बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं नको. सिलिकॉनचा थर कागदाइतका पातळ लावा, नाहीतर तो आत पसरतो आणि नेमका फ्रेममध्ये येतो. चोवीस तास सुकू द्या, मग पेटी पाण्यात बुडवून ठेवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा. ही घाई एकदा मला महागात पडली. वास येत असलेल्या पेटीत सोडलेल्या डॅफ्निया दहा मिनिटांत तळाला बसल्या.

काच कापणं जमणार नसेल तर दोन काचांमध्ये हवेच्या पंपाची सिलिकॉन नळी यू आकारात ठेवा आणि दोन्ही बाजूंनी कागदाचे चिमटे लावा. फट जाड राहते, पण पेटी पूर्ण उघडता येते आणि धुणं सोपं जातं. अ‍ॅक्रिलिक टाळा. पुसताना उठलेला एकेक ओरखडा मागून उजेड पडला की चांदण्यांसारखा चमकतो.

पेटीत किती पाणी मावतं याचा हिशोब एकदा करून पाहा. पंचवीस मिलिमीटर रुंद, वीस मिलिमीटर उंच आणि दोन मिलिमीटर जाड म्हणजे एक हजार घन मिलिमीटर, अर्थात एकच मिलिलिटर. एवढं पाणी दिव्याखाली पटकन तापतं आणि त्यातला प्राणवायूही लवकर संपतो. म्हणून एका वेळी दोन किंवा तीन जीव आणि जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटं, हा नियम मी मोडत नाही.

पाणी आणि पाहुणे

फोटोच्या आदल्या रात्री कल्चरमधलंच पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून उघड्या भांड्यात ठेवून द्या. थंड पाणी पेटीत ओतलं तर ते कोमट होताना काचेवर बारीक बुडबुडे धरतं. रात्रभर खोलीत राहिलेलं पाणी हा त्रास देत नाही. नळाचं ताजं पाणी नकोच, त्यातलं क्लोरीन या जिवांना झेपत नाही.

डॅफ्निया आधी या गाळलेल्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. अंगाला लागलेला कचरा इथेच सुटला तर पुढचा संगणकावरचा तासभर वाचतो. पोट कसं दिसायला हवं तेही आधीच ठरवा. तासभर आधी हिरवं पाणी (सूक्ष्म शेवाळाने हिरवं झालेलं) दिलं तर आतड्याची कमान पाचूसारखी उठून दिसते. यीस्टवर वाढलेली डॅफ्निया फिकट दिसते. कल्चरमध्ये प्राणवायू कमी असेल तर डॅफ्निया हिमोग्लोबिन वाढवते आणि लालसर होते. तो रंग फोटोत देखणा येतो, पण कल्चरला हवा हवी आहे असंही तो सांगत असतो.

उचलायला ड्रॉपर वापरत असाल तर त्याचं टोक कापून तोंड रुंद करा. आणि ड्रॉपरचं टोक पाण्याखाली नेऊनच जीव सोडा. वरून थेंब टाकला की कवचाखाली हवा अडकते, डॅफ्निया पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटते आणि कितीही धडपडली तरी खाली जाऊ शकत नाही. तसं झालंच तर तिच्यावर पाण्याचे एक-दोन थेंब हलकेच सोडून तिला बुडवता येतं.

प्रकाश

पेटीनंतर सर्वात जास्त वेळ द्यावा तो इथे.

हलणाऱ्या जिवाला थांबवायचं काम फ्लॅशवर सोपवा, शटरवर नाही. हिशोब असा. समजा डॅफ्निया सेकंदाला दहा मिलिमीटर सरकते आहे. १/२०० सेकंदात ती ०.०५ मिलिमीटर जाते. चार पट विशालनावर सेन्सरवर हे ०.२ मिलिमीटर होतं, म्हणजे चार मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर पन्नास पिक्सेलचा पुसट पट्टा. साधा हॉटशू फ्लॅश १/६४ शक्तीवर लावला तर त्याची चमक बहुतेक मॉडेलमध्ये १/२०,००० सेकंदाच्या आसपास संपते. तेवढ्यात डॅफ्निया सेन्सरवर अर्धा पिक्सेलच सरकते. फ्लॅशची शक्ती जितकी कमी, तितकी चमक आखूड. म्हणून शक्ती वाढवण्याऐवजी फ्लॅश जवळ आणा, किंवा दोन फ्लॅश लावा.

खोलीतला उजेड यात ढवळाढवळ करत नाही ना, हे तपासायला फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी यायला हवी. काही दिसत असेल तर पडदे ओढा किंवा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) खाली आणा.

आता मांडणी. मला दोन मांडण्या मनापासून आवडतात. पहिली काळ्या पार्श्वभूमीची. पेटी उभी करा, तिच्या मागे वीस सेंटिमीटरवर काळं मखमली कापड टांगा आणि दोन फ्लॅश दोन्ही बाजूंनी, पेटीच्या किंचित मागून, तिरपे रोखा. प्रकाश पेटीवर पडायला हवा, पण थेट लेन्समध्ये शिरायला नको. म्हणून फ्लॅश आणि लेन्स यांच्यामध्ये काळ्या कार्डाचे आडोसे लावा. मग जिवाचं अंग आतून पेटल्यासारखं उजळतं, पोहायच्या फांद्यांसारख्या शिंगांवरचा एकेक केस दिसतो. आर्टेमियाची नारिंगी पिल्लं, सायक्लॉप्स (गोड्या पाण्यातला आणखी एक चिमुकला कवचधारी जीव) आणि सगळ्या कृमींसाठी हीच मांडणी. पाण्यातला धुळीचा प्रत्येक कणही इथे चमकतो, त्यामुळे गाळलेल्या पाण्याची खरी किंमत कळते.

दुसरी मांडणी उजळ पार्श्वभूमीची. पेटीमागे पाच-दहा सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर लावा आणि त्याच्या मागून फ्लॅश. आतडं, अंडी, हृदय असं आतलं काही दाखवायचं असेल तर ही निवडा. इथे एक बारकावा आहे. उजळ कागद फ्रेममध्ये दिसतो त्याहून फार मोठा ठेवू नका. फ्रेमभर दिसेल इतकीच खिडकी काळ्या कार्डात कापून कागदावर लावा. भोवतालचा काळेपणा पारदर्शक कवचाच्या कडांमध्ये उतरतो आणि कडा बारीक गडद रेघेसारख्या उमटतात. कागद मोकळा सोडला तर चहूबाजूंनी प्रकाश शिरतो आणि कवचाची कड पांढऱ्यात विरून जाते. पार्श्वभूमी पूर्ण पांढरीफटक जाळू नका, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीच्या थोडं अलीकडे थांबला पाहिजे.

सततच्या एलईडी दिव्याचा उपयोग फोकस पाहण्यापुरता, तोही मंद.

कॅमेऱ्यासमोर बसल्यावर

सगळं मॅन्युअल ठेवा: शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ १०० ते २००, ऑटोफोकस बंद, फाइल रॉ. अ‍ॅपर्चरच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. विशालन वाढलं की लेन्सवर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष परिणाम यांत अंतर पडतं. साध्या लेन्सला ट्यूब किंवा बेलोज (लेन्स आणि कॅमेऱ्यामधलं अंतर वाढवणारी नळी किंवा घडीचा भाता) लावून चार पट मिळवत असाल, तर लिहिलेल्या आकड्याला साधारण पाचने, म्हणजे विशालन अधिक एकने, गुणा. एफ/८ प्रत्यक्षात एफ/४० सारखं वागतं आणि विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळं चित्र मऊ पडतं. दोन पटीला एफ/८, चार पटीला एफ/४ ते ५.६, यापुढे मी जात नाही. क्लोज-अप किंवा उलटी जोडलेली लेन्स वापरताना हा गुणाकार जसाच्या तसा लागत नाही. तिथे एकाच जिवाचे वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढून कुठपासून चित्र मऊ पडतं ते एकदा पाहून ठेवा.

कॅमेरा काचेशी काटकोनात हवा. जरा तिरपा झाला तरी फ्रेमची एक बाजू धूसर होते. सोपी खूण अशी: काचेवरचा एखादा ओरखडा किंवा धुळीचे कण फोकसमध्ये घ्या, ते फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत एकदमच स्पष्ट दिसायला हवेत. जमलं की फोकसची रिंग सोडून द्या. पुढचं सगळं फोकसिंग पेटी किंवा कॅमेरा मागेपुढे सरकवूनच करायचं. पेटी छोट्या स्लायडिंग रेलवर बसवली तर हात स्थिर राहतो.

डॅफ्निया कुशीवर असताना फोकस डोळ्यावर धरा. डोळा, आतडं, हृदय आणि पिल्लांची पिशवी हे सगळं तिच्या शरीराच्या मधल्या पातळीवर असतं, त्यामुळे डोळा स्पष्ट आला की बाकीचंही बरंचसं सोबत येतं. शिंगांपैकी एक तरी धूसर राहणारच, त्यासाठी जीव तोडू नका. तिच्या मागे फ्रेम पळवत फिरण्यापेक्षा एक जागा धरून बसा आणि ती तिथे आली की बटण दाबा. शंभर फ्रेममधून मला चार-पाच ठेवण्याजोग्या मिळतात आणि तेवढ्यावर मी खूश असतो.

कोणाकडून काय घ्यावं

डॅफ्नियाच्या पिशवीकडे रोज लक्ष ठेवा. आधी गोल हिरवट अंडी दिसतात, मग त्यांना आकार येतो आणि पिल्लांच्या डोक्यात दोन छोटे ठिपके उमटतात. हेच दोन ठिपके पुढे जुळून एक डोळा होतो. दोन ठिपके असलेली पिशवी हा माझ्या मते या छंदातला सर्वात सुंदर फोटो आहे. पिल्लं आत हलायला लागली आणि डोळे काळे झाले की जन्म जवळ आला समजा. ती मादी वेगळ्या बशीत ठेवा आणि अधूनमधून पाहत राहा. पाठीवर गडद खोगिरासारखं कवच असलेली डॅफ्निया दिसली तर तीही टिपून ठेवा. त्या खोगिरात दोन टिकाऊ अंडी असतात.

आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे धावतात. अंड्यांच्या टरफलांतून पिल्लं वेगळी करायला आपण हीच सवय वापरतो, फोटोतही वापरा. पेटीच्या एका कोपऱ्याशी बारीक टॉर्च धरला की ती तिथे जमतात आणि फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो. अंड्यातून निघून काही तासच झाले असताना रंग सर्वात भरलेला असतो. पिवळा बलक वापरला गेला की नारिंगी छटा उतरते. खाऱ्या पाण्याचा थेंब बाहेरच्या काचेवर सुकला तर मिठाचे खडे दिसतात, म्हणून गोड्या पाण्यात भिजवलेलं कापड हाताशी ठेवा. कोरडी अंडीही पाहा. वाटीसारखी खळगा पडलेली असतात आणि पाण्यात भिजली की गोल होतात. ती हलत नसल्यामुळे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून पूर्ण स्पष्ट चित्र करायची हौस इथे भागवता येते.

सायक्लॉप्स दोन उड्यांच्या मधे काही क्षण थांबतो. तोच आपला क्षण. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या असलेली मादी निवडा आणि वरून किंवा पाठीकडून फोटो घ्या, तेव्हाच दोन्ही थैल्या दिसतात.

मायक्रोवर्म आणि व्हिनेगर ईल यांना पाच पट किंवा सूक्ष्मदर्शकाचं ४ पटीचं ऑब्जेक्टिव्ह लागतं. त्यांच्यासाठी पेटी नको. स्लाईडवर एक थेंब घ्या आणि वर कव्हरस्लिप ठेवा. दोन्हींच्या माद्या अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे भरलेल्या मादीच्या पोटात वेटोळी पिल्लं दिसतात. ग्रिंडल वर्म मात्र काळ्या काचेवर ओलाच ठेवा, १:१ पुरे. त्याच्या चिकट अंगावर फ्लॅशचा झगमगाट येतो. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर आडवा फिरवून लावला की तो झगमगाट जातो आणि अंगातलं आतडं दिसायला लागतं.

जीव फारच उड्या मारत असेल तर मेथिल सेल्युलोजचं एक-दोन टक्के द्रावण पाण्यात मिसळून पाणी घट्ट करता येतं. हालचाल मंदावते, पण शिंगं त्यात अडकून विचित्र कोनात दिसतात. सोडा वॉटरने गुंगी आणणारेही आहेत. मी ते करत नाही, कारण गुंगीतल्या डॅफ्नियाचा फोटो पाहिला की ती जिवंत वाटत नाही. पाणी थोडं थंड केलेलं मला पटतं. हृदय आणि हालचाल दोन्ही मंदावतात, फक्त काचेवर धुकं धरू नये इतकंच थंड करा.

काम संपवताना

पेटी उचलण्याआधी, विशालन न बदलता, स्टीलच्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या खुणांचा एक फोटो काढा. ३६ मिलिमीटर सेन्सरवर चार पटीला फ्रेममध्ये ९ मिलिमीटर मावतात. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर एक मिलिमीटर म्हणजे ६६७ पिक्सेल. तेवढ्या लांबीची रेघ कोपऱ्यात आखली की बघणाऱ्याला माप कळतं आणि पुढच्या महिन्यात तीच डॅफ्निया किती वाढली ते तुम्हालाही मोजता येतं.

संगणकावर धुळीचे ठिपके काढा, पण कवचावर बसलेले घंटेसारखे देठाचे जीव काढू नका. ती व्हॉर्टिसेला असते, डॅफ्निया आणि सायक्लॉप्सवर सहज आढळते.

पेटीतले जीव त्यांच्या कल्चरमध्ये परत जाऊ देत. ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, ते तिथले नसतात. पेटी साबणाने धुतली तर साबणाचा अंश राहणार नाही इतकी साध्या पाण्याने विसळा, उभी ठेवून सुकवा आणि काचेला बोट लागणार नाही अशी कागदात गुंडाळून ठेवा.